मथुरेच्या परसातल्या अळंब्या

खूप वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा राजे होते, पण ते लांब राहायचे. जवळ होता तो डोंगर, आणि डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसं गाव.

त्या डोंगरावर पाऊस दांडगा. श्रावण सरत आला की झड थांबायची, ओलं ऊन पडायचं आणि रानात जागोजाग अळंब्या वर यायच्या. काही पांढऱ्याशुभ्र, काही मातकट, काही पिवळसर. त्यांतल्या काही इतक्या चवीच्या, की एकदा खाणारा वर्षभर त्यांची वाट बघायचा. आणि काही अशा, की खाणारा एकदाच खायचा आणि मग घरचे त्याची वाट बघत बसायचे. पंचाईत ही, की दोन्ही दिसायला सख्ख्या बहिणी.

म्हणून त्या गावात एक रीत होती. रानातून अळंबी आणली की थेट चुलीवर चढवायची नाही. टोपलीवर पळसाचं पान झाकायचं आणि टोपली आक्काच्या ओट्यावर नेऊन ठेवायची.

आक्का म्हणजे गावातली एक पोक्त बाई. तिच्या सासऱ्याला अळंबीची पारख होती, आणि त्याने सुनेला आपल्याबरोबर रानात हिंडवून ती शिकवली होती. सासरा गेला आणि टोपल्या तिच्याकडे यायला लागल्या. ती पान बाजूला करायची, अळंबी हातात घ्यायची, उलटी करून टोपीखालचे पापुद्रे बघायची, हुंगायची आणि विचारायची, "कुठली?" आणणाऱ्याने जागा सांगितली, की आक्का एकच शब्द बोलायची. एक तर "खा", नाही तर "टाक".

ती खा म्हणाली की लोक खायचे. टाक म्हणाली की उकिरड्यावर टाकून हात धुवायचे. तिसरा शब्द आक्काच्या तोंडून कधी कोणी ऐकला नव्हता. आणि खरं सांगायचं, तर तोवर आक्का एकदाही चुकली नव्हती.

आता एखादं माणूस कधीच चुकत नाही असं दिसलं, की बाकीचे काय करतात? ते स्वतः बघायचं सोडून देतात. या गावाचं तसंच झालं होतं. लोक अळंबी कापायचे, पानाखाली झाकायचे आणि घेऊन यायचे. ती कशी आहे, कशावर उगवली आहे, कालच्यासारखी आहे की वेगळी, याकडे कोणी ढुंकून बघायचं नाही. पोरांनी विचारलंच, तर मोठी माणसं म्हणायची, "तुला कशाला पाहिजे? आक्का बघेल की!" सगळ्या गावाला मिळून दोनच डोळे उरले होते, आणि ते आक्काचे.

आणि आक्काला काय वाटायचं? तिला बरं वाटायचं. कुणाला वाटणार नाही? सकाळी दार उघडावं आणि ओट्यावर टोपल्यांची रांग असावी, लोकांनी तोंडाकडे बघत उभं राहावं, आणि आपण एक शब्द बोललो की त्यांनी मान डोलवावी. याची सवय फार लवकर लागते.

एकदा पलीकडच्या गावचा पारखी या गावात कुणाच्या बारशाला आला होता. चांगला पिकलेला म्हातारा. लोकांनी गंमत म्हणून त्याच्यापुढे एक टोपली ठेवली. त्याने एक अळंबी उचलली, खालीवर करून बघितली, पुष्कळ वेळ बघितली, आणि परत ठेवून म्हणाला, "मला नाही बुवा सांगता येत."

सगळं घर हसलं. "सांगता येत नाही तर पारखी कसला?" कोणी म्हणालं. आक्काही हसली. जरा जास्तच हसली. मग तिने टोपली आपल्याकडे ओढली, एकदा बघितलं आणि म्हणाली, "खा." लोकांनी खाल्ली, पचवली, आणि आक्काचं नाव पंचक्रोशीत झालं. म्हातारा आपली काठी घेऊन मुकाट्याने निघून गेला.

त्याच गावात मथुरा नावाची एक बाई राहायची. तिला एकुलती एक लेक, केशर. केशरचं लग्न होऊन बरीच वर्षं लोटली तरी तिची कूस उजवली नव्हती. मथुरेने देव ठेवला नाही की नवस ठेवला नाही. लोक बोलायचे ते ऐकून घ्यायची आणि परसात जाऊन रडून घ्यायची. शेवटी एकदाची बातमी आली. केशरला दिवस गेले. सातव्या महिन्यात ती माहेरी आली, तेव्हा मथुरेला आभाळ ठेंगणं झालं.

लेक काय मागेल ते हजर करायचं, असं मथुरेने ठरवलं होतं. आणि लेकीने काय मागावं? अळंबीचं कालवण!

"आई, मला गोडधोड काही नको गं," केशर म्हणाली. "तिकडच्या मुलखात अळंबी उगवतच नाही. किती वर्षं झाली, जिभेला चव नाही लागली. तुझ्या हातचं कालवण आणि भाकरी, बस्स."

आता सातव्या महिन्यातल्या बाईचा डोहाळा म्हणजे आज्ञाच. पण नेमकी त्या वर्षी रानातली अळंबी लवकर येऊन सरून गेली होती. मथुरेचा नवरा डोंगर पालथा घालून आला आणि रिकामी टोपली दारात टेकवून म्हणाला, "एक दिसेल तर शपथ." मथुरेचा चेहरा उतरला. केशर म्हणाली, "असू दे गं," पण ती तसं म्हणाली म्हणून तर मथुरेला जास्तच वाईट वाटलं.

डोहाळजेवणाचा दिवस उजाडला. मथुरा अळूची पानं काढायला सकाळी सकाळी परसात गेली. केळीच्या आळ्याजवळ आली आणि जागच्या जागी थांबली. आळ्यात पांढऱ्याशुभ्र अळंब्या उगवल्या होत्या. एक नाही, दोन नाही, चांगली टोपली भरेल एवढ्या.

मथुरेने दोन्ही हात जोडले. "देवा, दारात आणून दिलंस रे!"

या केळीच्या आळ्याचीही एक हकीकत आहे. त्या उन्हाळ्यात मथुरेच्या नवऱ्याने बांधावरचं एक जुनं, पडकं वारूळ फोडलं होतं आणि त्याची माती टोपल्यांनी वाहून आणून परसात पसरली होती. वारुळाची माती केळीला मानवते. आणि त्या गावात शेंबड्या पोरालाही हे माहीत होतं, की सगळ्यांत चवीची आणि सगळ्यांत बिनघोर अळंबी वारुळावरची. मथुरेने या दोन गोष्टी एकत्र बांधल्या. माती वारुळाची, मग अळंबीही वारुळाचीच. तिच्या जागी तुम्ही-मी असतो तर आपणही तसंच म्हटलं असतं.

तिने शिंपला घेतला आणि एकेक अळंबी मातीलगत कापली. अळंबी उपटायची नाही, कापायची, ही गावाची दुसरी रीत. उपटली की भुई रुसते आणि पुढच्या वर्षी हात आखडता घेते, असं म्हणायचे. तेव्हा डोकं आणि देठ टोपलीत आले, आणि तळाचा भाग मातीत राहिला.

टोपलीवर पान झाकून मथुरा जवळजवळ धावतच आक्काच्या ओट्यावर आली.

"आक्का, बघ गं माझ्या लेकीचं नशीब! आज डोहाळजेवण आणि आजच परसात उगवल्या. लवकर बघ, मला वाटण वाटायचंय."

आक्काने पान बाजूला केलं. एक अळंबी हातात घेतली. आणि तिचा हात जरा थबकला.

वारुळावरच्या अळंबीच्या डोक्याला मधोमध टोक असतं. हिचं डोकं गुळगुळीत होतं. आक्काने हुंगून बघितलं. वास ओळखीचा लागेना. देठाला गळ्याशी एक पातळ झालर होती, ती वारुळावरच्या अळंबीला असल्याचं तिला आठवेना. देठाचा तळ बघावा म्हणून तिने अळंबी उलटी केली, तर रीतीप्रमाणे तळ मातीतच राहिला होता. तिथे शिंपल्याने कापल्याची सपाट खूण होती.

"कुठली?" आक्काने विचारलं.

"वारुळाच्या मातीतली," मथुरा म्हणाली. आणि ती खोटं बोलत नव्हती.

वारूळ हा शब्द कानावर पडला आणि आक्काच्या मनातली शंका थोडी खाली बसली. थोडीच. टोक पावसाने झिजलं असेल. वास परसातल्या शेणखताचा असेल. असेल, असेल, असं तिचं मन तिला सांगत होतं. पण असेल आणि आहे यांत फरक असतो, हे तिच्याइतकं त्या गावात दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं.

तिच्या ओठांवर आलंही होतं, "मथुरे, परत जा आणि एक तळासकट उपटून आण." तेवढ्यात पाण्याला निघालेल्या बायका ओट्याशी थांबल्या. त्यांतली एक दुसरीला म्हणाली, "आज आक्का एवढा वेळ का लावतेय गं? तिलाही सांगता येईना की काय?" आणि दोघी हसल्या. ते साधं चेष्टेचं हसणं होतं. पण आक्काला त्या बारशातलं हसणं आठवलं, आणि काठी टेकत गेलेली ती पाठ आठवली.

तिने अळंबी टोपलीत ठेवली. पान झाकलं.

"खा," आक्का म्हणाली.

मथुरा टोपली उचलून आनंदाने घरी गेली.

आक्का आपल्या कामाला लागली. पावसाच्या ओलीने तिच्या चुलीला तडा गेला होता. तिने कोपऱ्यातली माती घेतली, पाणी शिंपडलं आणि मळायला बसली. माती लोण्यासारखी मऊ होती. वारुळाचीच माती ती. चुलीला त्या गावात दुसरी माती कोणी वापरत नसे. मळता मळता आक्काचे हात मंद झाले, आणि मग थांबले.

तिने चुलीकडे बघितलं. चूल वारुळाच्या मातीची. ओटा वारुळाच्या मातीचा. अंगणातलं तुळशीचं वृंदावन वारुळाच्या मातीचं, आणि ते तर पावसात भिजत असतं. मग त्याच्यावर आजवर एकही अळंबी कशी उगवली नाही?

आणि तिला सासऱ्याचं बोलणं आठवलं. एकदा त्याने तिला रानातलं वारूळ एका कडेने खणून दाखवलं होतं. अळंबीचा देठ मातीखाली संपला नव्हता. तो खाली खाली गेला होता, हात कोपरापर्यंत जाईल इतका, आणि शेवटी वाळवीच्या घरात जाऊन पोचला होता. "सूनबाई, ही वाळवीची शेती," सासरा म्हणाला होता. "वाळवी राबते, तेव्हा ही उगवते. आपण नुसतं तिच्या दारातलं उचलतो."

मथुरेच्या नवऱ्याने उन्हाळ्यात केळीसाठी फोडलेलं बांधावरचं वारूळ आक्काने बघितलेलं होतं. ते पडकं होतं. वाळवी ते कधीच सोडून गेली होती. तिथून मथुरेच्या घरी आली ती माती, वारूळ नव्हे. घरातली माणसं निघून गेल्यावर विटा उचलून नेल्या, म्हणून काही ती माणसं विटांबरोबर येत नाहीत. मग केळीच्या आळ्यात उगवली ती अळंबी वारुळावरची असणंच शक्य नव्हतं. मग ती कोण होती?

आक्काला ठाऊक नव्हतं.

ती तशीच उठली. हात मातीने भरलेले, पदर खोचलेला, दार उघडं. आयुष्यात ती इतकी कधी धावली नव्हती. मथुरेच्या घरातून बायकांची गाणी ऐकू येत होती. गाणी चालू आहेत म्हणजे जेवणं व्हायची आहेत, असं मनाशी म्हणत ती धावत होती, आणि देवाला सांगत होती, गाणं संपू देऊ नको.

मथुरेच्या दाराशी येऊन ती क्षणभर थांबली, कारण तिला श्वास पुरेना. आणि ऐका, त्याच क्षणी तिच्या मनात एक सोपी युक्ती आली. आत जायचं आणि ओरडायचं, "खाऊ नका, विष आहे!" एवढंच. पोरगी वाचेल. लोक म्हणतील, आक्काची नजर बघा, सकाळी हातून निसटलं ते तिने वेळेवर पकडलं, दुसऱ्या कोणाला जमलं असतं? नाव राहील. उलट वाढेल.

युक्ती वाईट नव्हती. पोरगी वाचवायची होती ना, ती वाचत होती. पण आक्का मनाशी म्हणाली, "विष आहे हे तरी मला कुठे ठाऊक आहे? सकाळी न कळलेल्या गोष्टीला खा म्हणाले. आता न कळलेल्याच गोष्टीला विष म्हणू? सकाळचीच चूक मी फक्त पालथी करून ठेवणार."

ती आत गेली.

परसात केळीखाली पाट मांडला होता. हिरवं लुगडं नेसलेली, गजऱ्यांनी मढलेली केशर पाटावर बसली होती. भोवती बायका. नुकत्याच तिच्यापुढे दोन झाकलेल्या वाट्या धरून झाल्या होत्या, तिने एक उघडली होती, आत पेढा निघाला होता आणि मुलगा होणार म्हणून सगळ्यांनी एकच गलका केला होता. आता पान वाढलेलं होतं. कालवणाचा वास परसभर सुटला होता. डोहाळकरणीच्या आधी कोणी चाखायचं नाही, म्हणून अजून कोणाच्याच तोंडात घास गेला नव्हता. केशरने भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला होता.

"केशर, थांब!" आक्का म्हणाली. "खाऊ नको ते."

गलका एकदम थांबला. मथुरा हातातली पळी तशीच धरून पुढे आली.

"काय झालं गं आक्का? सकाळी तर खा म्हणालीस."

"म्हणाले. म्हणायला नको होतं."

"का? विषारी आहे?"

"ठाऊक नाही," ती म्हणाली.

"मग चांगली आहे?"

"तेही ठाऊक नाही."

बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या. मथुरेच्या चेहऱ्यावर राग चढत गेला. "मग तुला ठाऊक तरी काय आहे?"

"एवढंच, की सकाळी मला ठाऊक नव्हतं," आक्का म्हणाली. "शंका आली होती. तरी खा म्हणाले. चार जणी बघत होत्या म्हणून म्हणाले."

सगळ्या एकदम बोलायला लागल्या. एक म्हणाली, बाई, वय झालं की असंच होतं. दुसरी म्हणाली, कोंबडीला घालून बघा, काय ते कळेल. आक्का म्हणाली, "कोंबडीला पचतं ते माणसाला पचेलच असं नाही गं."

"मी कालवणात लसूण टाकलीय," मथुरा म्हणाली. "काळी पडली नाही. विष असतं तर पडली असती. सगळ्यांना माहीत आहे."

"लसणीला काय कळतंय, मथुरे? मला कळलं नाही, तिथे लसणीला कळेल?"

या वेळी कोणी हसलं नाही. मथुरेच्या डोळ्यांत पाणी आलं. "किती वर्षांनी पोरीला दिवस गेले आणि तू तिच्या पानावरून घास काढतेस? तोही अमुक आहे म्हणून नाही, तमुक आहे म्हणून नाही! डोहाळा मोडला तर पोराचे कान फुटतात म्हणतात. विष आहे असं म्हण, मी आत्ता हंडा उलथते. म्हण!"

आक्काला तेवढं एक म्हणणं सोपं होतं. सगळ्या परसाला तेच हवं होतं. तिने मान हलवली. "नाही म्हणणार, मथुरे. जे मला ठाऊक नाही ते आज दुसऱ्यांदा नाही सांगणार."

केशर इतका वेळ घास हातात धरून सगळ्यांचं ऐकत होती. तिने एकदा आक्काच्या मातीने भरलेल्या हातांकडे बघितलं. मग हातातला घास पानावर ठेवला आणि पान पुढे सरकवलं.

"आई, मला पुरे झालं एवढं," ती म्हणाली. "आक्काला ठाऊक नाही, ते मी पोटातल्याला कसं भरवू? घोटभर ताक दे आणि भाकरी दे. डोहाळा पुढच्या वर्षी पुरव."

मथुरेने हंडा उचलला. नवऱ्याने परसाच्या टोकाला खोल खड्डा खणला आणि कालवण त्यात ओतून वर दगड ठेवला, म्हणजे कुत्र्यामांजरांच्याही तोंडी जायला नको.

मग आक्का केळीच्या आळ्यात बसली. मातीत राहिलेला एक तळ तिने बोटांनी हळूहळू मोकळा केला. खाली खाली जाणारं लांब मूळ तिथे नव्हतंच. देठ एका फाटक्या पांढऱ्या पिशवीत बसलेला होता. आक्काने तो तळहातावर घेतला आणि बायकांपुढे धरला.

"ही वारुळावरची नाही, हे आता ठाऊक झालं," ती म्हणाली. "पण ही कोण, ते नाही ठाऊक. असा तळ मी जन्मात बघितला नाही. आणि बघितला कसा नाही, तर तुम्ही कापून आणत होतात आणि मी कधी मागितला नाही."

तुम्हाला वाटेल, मग बायकांनी आक्काच्या पाया पडून तिचा जयजयकार केला. छे हो. गाव म्हणजे गाव. दुसऱ्या दिवसापासून पाणवठ्यावर आक्काच्या नकला सुरू झाल्या. "भाजीत मीठ आहे का गं?" "ठाऊक नाही!" "आज वार कोणता?" "तेही ठाऊक नाही!" खसखस पिकायची. ओट्यावरची रांग संपली. उशिरा उगवलेल्या अळंब्या काही लोकांनी भीतीने फेकून दिल्या आणि काही लोक पलीकडच्या गावी घेऊन गेले. मथुरा समोर आली तरी पदर सारखा करून निघून जायची. आक्का सकाळी दार उघडायची, रिकाम्या ओट्याकडे बघायची आणि तिला वाईट वाटायचं. खूप वाईट वाटायचं. सत्य बोललं की लगेच मन हलकं होतं असं म्हणणारे म्हणोत. आक्काचं काही तसं झालं नाही.

पण ती घरात बसून राहिली नाही. ती रानात जाऊ लागली. आता ती अळंबी कापत नसे, मुळापासून उकरत असे. भुई रुसेल म्हणून कोणी हटकलं, तर म्हणायची, "रुसली तर समजूत काढू. आधी तिची ओळख तर होऊ दे." ज्या अळंब्यांना ती डोळे झाकून खा म्हणत आली होती, त्यांतल्या काहींचे तळ तिने पहिल्यांदाच बघितले. एक-दोन बघून तर तिच्या अंगावर काटा आला.

दिवस भरले. केशर बाळंत झाली. झाकल्या वाटीतला पेढा खोटा ठरला आणि मुलगी झाली. चांगली ठणठणीत, आणि दोन्ही कान शाबूत.

वर्ष फिरून आलं. श्रावण सरला, ओलं ऊन पडलं. एका सकाळी आक्काने दार उघडलं, तर ओट्यावर मथुरा. कडेवर नात, हातात टोपली. टोपलीवर पळसाचं पान नव्हतं. आतल्या अळंब्या कापलेल्या नव्हत्या. लांब मुळांसकट उकरून काढलेल्या होत्या, आणि मुळांना अजून माती चिकटलेली होती.

आक्का टोपलीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माझ्याकडे कशाला आणलीस मथुरे? पलीकडच्या गावी जा. मला कधीकधी ठाऊक नसतं."

"म्हणून तर तुझ्याकडे आले," मथुरा म्हणाली. तिने नातीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "आक्का, पूर्वी तू खा म्हणायचीस, तेव्हा मला वाटायचं, हिला ठाऊक असेलच. आता तू खा म्हणालीस, तर मला पक्कं माहीत असेल, की तुला ठाऊक आहे. केशर घरी वाटण वाटतेय. बघ लवकर."

आक्काने एक अळंबी उचलली. डोक्यावरचं टोक बघितलं, पापुद्रे बघितले, हुंगली. कोपराएवढं लांब मूळ शेवटपर्यंत बोटांनी चाचपलं. घाई केली नाही. मग तिने अळंबी मथुरेच्या हातात दिली आणि म्हणाली, "आधी तू सांग."

मथुरा गडबडली. मग तिने अळंबी खालीवर केली, आक्काने केलं तसं सगळं केलं, आणि भीत भीत म्हणाली, "वारुळावरची?"

"वारुळावरची," आक्का म्हणाली. "खा."

त्या हंगामापासून त्या गावात अळंबी मुळासकट आणायची रीत पडली. टोपलीवर पान कोणी झाकेनासं झालं. आणि ओट्यावर आलेल्याला कधी "खा" ऐकू यायचं, कधी "टाक", आणि कधी "ठाऊक नाही". तिसरा शब्द ऐकला, की लोक हसायचे नाहीत. घरी जाऊन भाकरीशी चटणी खायचे.

आता तुम्ही मला विचाराल, की त्या पहिल्या अळंब्या खरंच विषारी होत्या की चांगल्या होत्या? खड्ड्यात पुरलं ते पक्वान्न होतं की मरण? लहान मुलं तर हे विचारतातच, आणि मोठ्यांनाही विचारायचं असतं, पण ते लाजतात. बाळांनो, मला ठाऊक नाही.

तात्पर्य: जे ठाऊक नाही त्याला ठाऊक नाही म्हणावं, त्याने फार तर आपलं नाव जातं, पण खोट्या जाणतेपणाने दुसऱ्याचा जीव जातो.